‘टेन्शन’पासून सुरू होणारा उपचार: हरारे, गोवा आणि अमरावतीला जोडणारी एका संशोधकाची गोष्ट

‘डॉक्टर, अंगात ताकदच राहिली नाही. झोप लागत नाही. डोकं जड असतं. एखादं ताकदीचं इंजेक्शन द्या.’

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत अशी तक्रार रोज ऐकू येते. बाहेर लांब रांग असते. डॉक्टरांकडे दोन-तीन मिनिटं असतात. मग व्हिटॅमिनच्या गोळ्या, कधी सलाईन, कधी झोपेची गोळी. महिन्याभराने तोच पेशंट तीच तक्रार घेऊन पुन्हा रांगेत.

यातल्या अनेकांना डिप्रेशन असू शकतं. पण ‘मला डिप्रेशन आलंय’ असं सांगत आरोग्य केंद्रात फारसं कुणी येत नाही. पेशंटचे शब्द वेगळे आणि डॉक्टरच्या पुस्तकातले शब्द वेगळे. या दोन्हींच्या मधल्या जागेत माणसं उपचारांवाचून राहतात.

ही जागा भरायची कशी, या प्रश्नावर मुंबईत जन्मलेल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने जवळपास सगळी कारकीर्द घालवली. त्यांचं नाव डॉ. विक्रम पटेल. त्यांच्या कामाचा प्रवास झिम्बाब्वेची राजधानी हरारेपासून गोव्यात आणि तिथून अमरावतीपर्यंत येतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ

सांस्कृतिक मानसशास्त्र विचारतं: माणूस आपल्या त्रासाला काय नाव देतो? त्याचं कारण काय समजतो? मदत मागायला आधी कुणाकडे जातो?

समुदाय मानसशास्त्राचा प्रश्न पुढचा आहे: तो माणूस राहतो कुठे, कमावतो काय, घरात काय चाललंय? आणि त्याच्या आसपासचं कोण त्याला मदत करू शकतं? या शाखेची सुरुवात १९६५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्वॅम्पस्कॉट इथे झालेल्या परिषदेपासून मानली जाते. पेशंट आपल्या केबिनमध्ये येईल म्हणून वाट बघण्यापेक्षा आपणच वस्तीत जावं, असा तिथला सूर होता.

पटेल शिक्षणाने डॉक्टर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, नंतर लंडनमध्ये मानसोपचाराचं प्रशिक्षण. म्हणजे कागदोपत्री ते मानसशास्त्रज्ञ नाहीत. पण त्यांच्या संशोधनाचा पाया याच दोन प्रश्नांवर उभा आहे.

हरारेमध्ये काय घडलं?

१९९०च्या दशकात पटेल झिम्बाब्वेला गेले. डिप्रेशन ही पाश्चात्त्य वैद्यकाची कल्पना आहे, आफ्रिकेतल्या माणसाला ती लागू पडणार नाही, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. तो तपासायला ते पारंपरिक वैद्यांशी, आरोग्य कर्मचाऱ्यांशी आणि पेशंटशी बोलले.

तिथल्या शोना भाषेत त्यांना एक शब्द वारंवार ऐकू आला: कुफुंगिसिसा. अर्थ साधारण ‘अति विचार करणं’. आपल्याकडे ‘विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली’ म्हणतात, त्याच्या जवळचा. हा त्रास असलेल्या लोकांची लक्षणं तपासली, तेव्हा ती डिप्रेशन आणि चिंताविकाराशी बऱ्यापैकी जुळत होती.

म्हणजे आजार तिथेही होता. फक्त त्याचं नाव वेगळं होतं.

मग लंडनची प्रश्नावली भाषांतर करून वापरण्याऐवजी पटेल आणि सहकाऱ्यांनी लोकांच्याच शब्दांतून १४ प्रश्नांची यादी तयार केली. उत्तरं हो किंवा नाही. १९९७ साली ‘शोना लक्षण प्रश्नावली’ म्हणून ती प्रसिद्ध झाली.

दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती आकड्यांची. तेव्हा अख्ख्या झिम्बाब्वेत डझनभर मानसोपचारतज्ज्ञ होते आणि त्यातले बहुतेक हरारेत. खेड्यातल्या माणसाचं निदान झालं, तरी त्याला पाठवायचं कुणाकडे?

गोव्यात ‘टेन्शन’ आणि ‘पांढरं जाणं’

१९९६ मध्ये गोव्यात ‘संगथ’ ही संस्था सुरू झाली. पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. गोव्यातल्या मुलाखतींमध्ये डिप्रेशन असलेल्या लोकांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा: ‘टेन्शन’. इंग्रजीतून आलेला, पण आता कोकणी-मराठीत पूर्ण मुरलेला. आणि टेन्शनचं कारण काय? बहुतेकांचं उत्तर पैशाची ओढाताण किंवा घरातले तणाव. मेंदूतल्या रसायनांबद्दल कुणी बोलत नव्हतं.

याहून डोळे उघडणारा अभ्यास बायकांच्या एका नेहमीच्या तक्रारीवर होता. अंगावरून पांढरं जाणं. डॉक्टर सहसा हे संसर्गाचं लक्षण धरतात आणि अँटिबायोटिक लिहून देतात. संगथच्या टीमने गोव्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. या तक्रारीचा संसर्गाशी जितका संबंध असेल असं वाटलं होतं, तितका आढळला नाही. मानसिक त्रासाशी मात्र तिचा ठळक संबंध दिसला.

याचा अर्थ तपासणी नको, असा नाही. तपासणी करायचीच. पण जी बाई थकवा आणि पांढरं जाण्याबद्दल सांगतेय, तिला ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ हेही विचारायला हवं.

मग उपचार कोण करणार?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. त्यानुसार भारतात डिप्रेशन, चिंता यांसारखे विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. मोठ्या शहरांबाहेर तज्ज्ञ कमीच. नवे डॉक्टर तयार होण्याची वाट बघायची, तर अनेक वर्षं जातील.

पटेल आणि सहकाऱ्यांनी पर्याय तपासून पाहिला: गावातल्याच साध्या माणसाला शिकवलं तर?

पहिला मोठा प्रयोग ‘मानस’. गोव्यातली २४ आरोग्य केंद्रं आणि दवाखाने निवडले. १२ सरकारी, १२ खासगी. निम्म्या ठिकाणी समुपदेशक नेमले. हे लोक तज्ज्ञ नव्हते. त्यांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. निकाल २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के पेशंट बरे झालेले होते. जिथे समुपदेशक नव्हते, तिथे ४२.५ टक्के.

खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. तिथे दोन्हीकडचे पेशंट जवळपास सारखेच बरे होत होते. एक शक्यता अशी मांडली गेली की, खासगी फॅमिली डॉक्टर आधीपासूनच पेशंटला जास्त वेळ देत असावेत. तसं असेल, तर ऐकून घेणं हाही उपचाराचाच भाग ठरतो.

दुसरा प्रयोग डिप्रेशन जास्त तीव्र असलेल्या ४९३ पेशंटवर झाला. सहा ते आठ भेटी, आरोग्य केंद्रात किंवा घरी. पद्धत सोपी. डिप्रेशनमध्ये माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. बाहेर पडणं, बोलणं, आवडीचं काम. समुपदेशक त्याच्यासोबत बसून त्यातली एक छोटी गोष्ट पुन्हा सुरू करायला मदत करतो, मग दुसरी. २०१७ मध्ये आलेल्या निकालात, तीन महिन्यांनी ही मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

पटेल यांनी २०१२ च्या टेड व्याख्यानात हा सगळा विचार ‘सुंदर’ या एका शब्दात बसवला होता. इंग्रजी अक्षरं जुळवून केलेला शब्द. आजाराची भाषा सोपी करा, उपचाराचे छोटे भाग करा, ते घराजवळ द्या, परवडणाऱ्या आणि उपलब्ध माणसांकडून द्या, आणि तज्ज्ञांना शिकवण्याच्या व देखरेखीच्या कामाला लावा.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. इथे तज्ज्ञाला बाजूला काढलेलं नाही. फक्त त्याचं काम बदललंय.

हरारेतल्या आज्या आणि अमरावतीतली गावं

दरम्यान हरारेत डॉ. डिक्सन चिबांदा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये एक वेगळाच प्रयोग सुरू केला. त्यांच्या एका तरुण रुग्णाने आयुष्य संपवलं होतं. तिच्या घरच्यांकडे दवाखान्यापर्यंतच्या बसभाड्याचे पैसे नव्हते. दवाखान्याबाहेर एक लाकडी बाक ठेवायचा आणि त्यावर वस्तीतली प्रशिक्षित आजी बसेल, अशी कल्पना निघाली. सुरुवातीला १४ आज्या होत्या. याला नाव मिळालं ‘फ्रेंडशिप बेंच’.

आजीकडे कुणाला पाठवायचं, हे ठरवायला जी १४ प्रश्नांची यादी वापरली गेली, ती १९९७ची शोना प्रश्नावलीच. बोलणं सुरू होतं तेही कुफुंगिसिसाबद्दल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ जणांच्या चाचणीत, सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत डिप्रेशनची लक्षणं उरली होती. इतरांत हे प्रमाण ५० टक्के होतं.

आपल्याकडे हाच विचार विदर्भात पोहोचला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. शेतीच्या संकटात सापडलेल्या भागात, घराच्या ओसरीवर बसून हे बोलणं व्हायचं. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं.

इथे एक सावधगिरी हवी. ही आधीची आणि नंतरची तुलना होती. कार्यक्रम नसलेल्या गावांशी शेजारी ठेवून केलेली तुलना नव्हती. त्यामुळे सगळा बदल कार्यक्रमामुळेच झाला, असं छातीठोक म्हणता येत नाही.

टीका काय होते?

टीकाही गंभीर आहे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ डेरेक समरफिल्ड वर्षानुवर्षं विचारत आलेत: गरिबी आणि अन्यायातून आलेल्या दुःखाला आजाराचं लेबल लावून आपण पाश्चात्त्य मानसोपचार जगभर निर्यात करतोय का? पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनीही औषधकेंद्री व्यवस्थेवर आणि जबरदस्तीच्या उपचारांवर सातत्याने बोट ठेवलं. मानसिक आरोग्याचं काम वस्तीतल्या नात्यांतून आणि माणसाच्या हक्कांपासून सुरू व्हावं, ही त्यांची भूमिका होती.

प्रश्न रास्त आहे. नवरा मारतो म्हणून झोप उडालेल्या बाईला आठ भेटींनी बरं वाटेल. पण मार थांबला नाही तर? कर्ज तसंच राहिलं तर? समुपदेशन हमीभावाची जागा घेऊ शकत नाही. पण हमीभाव मिळेपर्यंत त्या माणसाला जगवायचंही असतं. दोन्ही कामं लागतात.

आणखी एक अडचण पगाराची. गावातल्या बाईने हे काम करावं म्हणताना तिच्याकडे आधीच आशा म्हणून किती कामं आहेत आणि त्याचा मोबदला किती, हेही बघावं लागेल. ‘परवडणारी माणसं’ याचा अर्थ फुकटात राबणारी माणसं, असा होता कामा नये.

या क्षेत्रात यायचं असेल तर?

मानसशास्त्रात पदवी घेणाऱ्या अनेकांच्या डोळ्यासमोर केबिन, खुर्ची आणि समोर पेशंट असं चित्र असतं. तोही मार्ग आहेच. पण हा दुसरा मार्ग विद्यापीठातून निघून वस्तीत जातो. मानसशास्त्र, समाजकार्य, मानववंशशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, यातल्या कुठल्याही दारातून आत येता येतं.

लागणारी कौशल्यं दोन टोकांची. एकीकडे संख्याशास्त्र, कारण चाचणी नीट आखली नाही तर निकालाला अर्थ नाही. दुसरीकडे भाषा, आणि तीही पुस्तकी नको. वऱ्हाडी बाई ‘जीव लागत नाही’ म्हणते, तेव्हा ती नेमकं काय सांगतेय, हे कळायला हवं. मराठीत शिकलेल्या, गावातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी जर्नलपुढे अनेकदा कमीपणा वाटतो. या क्षेत्रात त्याची बोली हेच त्याचं भांडवल आहे.

वेळ मात्र लागतो. शोना प्रश्नावली १९९७ची, ‘मानस’चे निकाल २०१०चे, विश्रामचे २०१७चे. पटेल आज हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये शिकवतात, पण त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम हरारे आणि गोव्याच्या दवाखान्यांत झालं.

तुमच्यासाठी यात काय?

घरातलं कुणी महिनोन्‌महिने ‘अंगात ताकद नाही’, ‘कशातच मन लागत नाही’ म्हणत असेल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येत असतील, तर ‘काही झालेलं नाही तुला’ असं म्हणून विषय संपवू नका. झोप कशी आहे, जेवण जातंय का, कसलं टेन्शन आहे, एवढं विचारा. उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

आणि तज्ज्ञांची मदत हवी असेल, तर ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाईन आहे. नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं. ‘मला डिप्रेशन आहे’ असं म्हणायची गरज नाही. ‘खूप टेन्शन आलंय’ इतकं सांगितलं, तरी बोलणं सुरू होतं.