महालक्ष्म्यांचं ताट आणि आपले डोळे

पुण्याकडचे रूममेट ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्या पुलगावात महालक्ष्म्या. ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी जेवायला पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कढी, वडे आणि सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी. सगळ्यांचा डोळा पुरणावर! पण डोळ्यांसाठी खरा माल आहे तो त्या सोळा भाज्यांत.

आधी थोडी थिअरी. अंधुक उजेडात आपल्याला दिसतं ते रोडॉप्सिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. जीवनसत्त्व अ पासून बनणारं रेटिनल हा त्याचा एक भाग. प्रकाश पडला की रेटिनलचा आकार बदलतो आणि मेंदूकडे सिग्नल जातो. हे शोधणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना 1967 साली नोबेल मिळालं. जीवनसत्त्व अ कमी पडलं की संध्याकाळ झाल्यावर चाचपडायला होतं, तोच रातांधळेपणा.

आता ताटाकडे या. लाल भोपळा, म्हणजे आमच्या वऱ्हाडी बोलीतलं कोहळं (पुण्यात कोहळा मागाल तर भलतंच फळ हातात येईल!), याचा केशरी रंग बीटा कॅरोटीनचा. शरीर त्यापासून जीवनसत्त्व अ बनवतं. अळू, अंबाडी, पालक यांतही ते भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. शिवाय पालेभाज्यांत ल्यूटीन असतं. ते डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी साठतं आणि निळा प्रकाश थोडा गाळतं. मात्र ही सगळी द्रव्यं स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषली जात नाहीत. म्हणून भाजीतलं फोडणीचं तेल आणि पोळीवरची तुपाची धार इथे कामाची. तुपात तर स्वतःचंही थोडं जीवनसत्त्व अ असतंच. डाएटच्या नावाखाली उकडलेला पालक कोरडाच गिळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

"मग माझा चष्म्याचा नंबर उतरेल का?" हा प्रश्न मला होस्टेलवर हमखास येतो. नाही उतरणार. मायनस नंबरमध्ये बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांब झालेला असतो, त्यामुळे फोकस पडद्याच्या अलीकडे पडतो. हा भूमितीचा प्रश्न आहे, गाजर खाऊन लांबी कमी होत नाही. चष्मा टाळून गाजराचा ज्यूस पिणारे महाभाग आपल्याच विंगमध्ये आहेत, त्यांना एवढंच सांगणं, आधी नंबर तपासा.

एका दिवसाच्या जेवणाने काय होणार, असंही कुणी म्हणेल. जीवनसत्त्व अ यकृतात महिनोन्‌महिने साठून राहतं. म्हणूनच 1970 साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात लहान मुलांना त्याचा डोस सहा-सहा महिन्यांनी देतात. पण साठा राहतो म्हणूनच मनाने कॅप्सूल खाणं घातक, जास्त झालं तर यकृतालाच त्रास. भाजीतल्या कॅरोटीनचं तसं नाही, शरीर लागेल तेवढंच रूपांतर करतं. तेव्हा मेसमध्ये कोहळ्याची भाजी आली की वाटी तशीच परत पाठवू नका, आणि मेसच्या काकांनीही आठवड्यातून दोनदा तरी पालेभाजी करावी ही विनंती.

संध्याकाळी दिसायला खरंच त्रास होत असेल तर मात्र भाजीवर विसंबू नका. रातांधळेपणाची काही कारणं आनुवंशिकही असतात, तिथे आहाराने भागत नाही. पुलगावहून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळच आहे, तिथे नेत्रविभाग आहे.