बांस-बल्लीचा भत्ता

भिलाईचा कॅम्प-1 ज्या कारखान्यामुळे जन्माला आला, त्याच्या टाउनशिपमध्ये त्याला जागा मिळाली नाही. 1955 च्या सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखाना बांधायला आलेल्या मजुरांच्या या छावण्या. 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली, सेक्टरांत क्वार्टर्स आणि शाळा उभ्या राहिल्या. छावण्यांच्या वस्त्या झाल्या. सेक्टरांचा कारभार कंपनीकडे, बाहेरचा सरकारनियुक्त ‘साडा’कडे, म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे. महापालिका आली थेट 1998 साली. तोवर कामगाराने शहराच्या कारभारात वाटा मागायचा तरी कुणाकडे? त्याने तो मालकाकडे मागितला, आणि या मागणीला मी नगरकारभाराच्या इतिहासाचाच भाग मानतो.

पुरावा भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरात सापडतो. 1977 साली शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली ठेकेदारांच्या खाणमजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभारला. पहिल्या मागण्यांत बसून राहिलेल्या दिवसांच्या मजुरीबरोबर एक चमत्कारिक वाटणारी मागणी होती: पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांस-बल्लीचा भत्ता. घराचं छप्पर हा एरवी नगरपालिकेच्या दारातला विषय. इथे तो मजुरीच्या करारात शिरला. त्याच लढ्यात 2 आणि 3 जूनच्या गोळीबारात 11 जण मारले गेले. युनियनने मग दारूबंदी, शाळा, मोहल्ल्यांची सुधारणा हे सगळं स्वतःच्या कामात घेतलं. उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी गेल्या, तेव्हा दवाखान्याचा प्रश्नही युनियनचा झाला. वर्गणी आणि श्रमदानातून उभं राहिलेलं शहीद हॉस्पिटल 3 जून 1983 रोजी सुरू झालं; उद्घाटनाला मंत्री नव्हता, एक वृद्ध खाणमजूर आणि एक वृद्ध शेतकरी होते.

यावर आक्षेप येतो की युनियनने दवाखाना चालवला म्हणजे सरकार सुटलं. तो पोकळ नाही, पण अपुरा आहे. कामगार स्वतः दवाखाना चालवतात तेव्हा खर्च किती आणि औषधं कोणती लागतात हे त्यांना कळतं, आणि असा माणूस सरकारपुढे केवळ अर्जदार उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग निवडणुका का लढवू नयेत? युनियनची राजकीय आघाडी असलेल्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाने त्याही लढवल्या; 1985 मध्ये जनकलाल ठाकूर डौंडी-लोहाऱ्यातून आमदार झाले. पण आपली मुंबई आठवा. मेरठ कटाचे आरोपी, कम्युनिस्ट एस. एस. मिरजकर 1958 साली महापौर झाले, तरी 1888 च्या कायद्याने कार्यकारी अधिकार सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडेच होते. खुर्ची मिळाली, तिजोरीची किल्ली नाही. मला खाणमजुरांचा दवाखाना त्या महापौरपदापेक्षा सत्तेच्या जवळचा वाटतो.

अर्थात या मार्गाचीही मर्यादा भिलाईतच दिसली. 1990 नंतर मोर्चा खासगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांत उतरला, पण पोलाद कारखान्याचे कायम कामगार बहुतांशी दूर राहिले. क्वार्टर मिळालेल्याला छपराची चिंता कशाला? 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगींचा खून झाला. 1 जुलै 1992 ला पॉवर हाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन डझनाहून अधिक माणसं गेली. त्याच डिसेंबरात संसदेने 74 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तीन लाखांवरच्या शहरांना तिने प्रभाग समित्या दिल्या, आणि त्याच दुरुस्तीत औद्योगिक नगरीला नगरपालिकेतून वगळण्याची पळवाटही ठेवली.