सुई मोजून ठेवा, आईला झोपू द्या

अकिक्याला दोन दिवस उरले होते. रात्री पावणेदोनच्या सुमारास धाकट्या जावेने आमचे दार हलकेच वाजवले. "भाभी, सुई सापडत नाहीये." पाच दिवसांचे बाळ गादीवर झोपले होते आणि त्याच गादीवर बसून ती टोपड्याला झालर लावत होती. बसल्या बसल्या डोळा लागला. जाग आली तेव्हा हातात टोपडे होते, सुई नव्हती.

घरातले सगळे दिवे लागले. अम्मींनी बाळाला उचलले, अंगावरचे कपडे उतरवून सगळे अंग तपासले. आम्ही चादर, दुपटी, लंगोट एकेक करून चाचपले. शेवटी मुलाच्या विज्ञान प्रकल्पातले लोहचुंबक गादीवरून फिरवले, तेव्हा शिवणीच्या कडेत शिरलेली सुई त्याला चिकटली. अलहम्दुलिल्लाह, बाळाला ओरखडाही नव्हता. कोणी कोणाला बोलले नाही. जाऊ मात्र भिंतीला टेकून कितीतरी वेळ रडत होती.

तिची आई ती लहान असतानाच अल्लाहला प्यारी झाली. त्यामुळे बाळंतपण आमच्याच घरी झाले. पहिल्या बाळाची झबली-टोपडी माहेरहून येतात. ती येणार नाहीत, तर सगळे आपल्याच हाताने शिवायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. वर अकिक्याला येणाऱ्या नणंदांसाठी भरतकामाचे सहा रुमालही काढले होते. दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचे आणि मधल्या वेळात शिवायचे! आम्ही घरातल्या बायका "किती हौशी आहे" म्हणून कौतुक करत राहिलो. चूक आमची होती. सूरह लुकमानमध्ये अशक्तपणावर अशक्तपणा सोसून मूल पोटात वाढवणाऱ्या आईचा उल्लेख आहे. तो आम्ही मुलांना शिकवतो. घरात मात्र विसरलो.

सकाळी आम्ही कामे वाटून घेतली. शाळेला मे महिन्याची सुट्टी होती, म्हणून शिवण आमच्याकडे आली. पहिला नियम असा, की बाळाच्या अंथरुणावर सुई, टाचणी, कात्री नाही. शिवणकाम बाहेरच्या खोलीत. सुया पाचच, त्या पिनकुशनमध्ये, आणि उठताना मोजायच्या.

मग कापडाचा प्रश्न आला. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाळाला मऊ सुतीच हवे. अनेकदा धुतलेली मलमल यासाठी सर्वांत चांगली; नवे कापड असेल तर आधी धुवून त्याची खळ काढावी. अम्मींनी जावेला विचारले, "तुझ्या अम्मीचं काही ठेवलंयस का?" तिने पेटीतून एक पांढरी सुती ओढणी काढली. कडा विरल्या होत्या, मधले कापड धड होते. त्यात दोन झबली बसली. बाकीची अम्मींच्या जुन्या दुपट्ट्यांतून निघाली.

झबले समोरून पूर्ण उघडे ठेवले, म्हणजे ते बाळाच्या डोक्यावरून ओढावे लागत नाही. बटण, टिकली, घुंगरू काही लावले नाही, कारण निघालेली वस्तू बाळाच्या तोंडात जाते. बंद आखूड ठेवले. शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या, म्हणजे कातडीला टोचत नाहीत. हातमोजे-पायमोजे उलटे करून लोंबणारे धागे कापले. असा धागा बोटाला गुंडाळला तर रक्तपुरवठा थांबू शकतो, हे पुष्कळ आयांना ठाऊक नसते.

अम्मींना मोहरीची उशी शिवायची होती. आमची सगळी मुले त्याच उशीवर झोपली, हा त्यांचा मुद्दा. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले की वर्षभर बाळाच्या झोपण्याच्या जागी उशी नको, सैल गोधडी नको, बाळाला उताणेच झोपवा आणि झोपेत टोपडे काढून ठेवा. अम्मी दोन दिवस नाराज होत्या. मग मोहरी फोडणीच्या डब्यात गेली आणि शिवून झालेली छोटी गोधडी, बाळ जागे असताना जमिनीवर अंथरण्यासाठी ठेवली.

दीर आधी लांबूनच बघत होता. अम्मींनी त्याला आठवण दिली, की प्रेषित मुहम्मद (स.) घरात आपले कपडे स्वतः सांधत, पादत्राणे दुरुस्त करत, घरकामाला हात लावत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. त्या दिवसापासून लंगोट धुणे आणि जुन्या चादरीचे चौकोन कापून त्यांच्या कडा दुमडणे त्याच्याकडे गेले. टाके वाकडे पडतात, पण लंगोटाला त्याने काय बिघडते?

जावेला आम्ही एकच काम दिले. जुहरनंतर असरपर्यंत झोपायचे. बाळ तेव्हा अम्मींजवळ, फक्त पाजायला तिच्याकडे.

सातव्या दिवशी अकिका झाला. बाळाचे जावळ काढून त्याच्या वजनाइतक्या चांदीची रक्कम सदका दिली. एका पाहुणीने विचारलेच, "माहेरहून काय आलं?" जाऊ काही बोलण्याआधी अम्मींनी बाळाच्या अंगावरच्या पांढऱ्या झबल्याला हात लावला आणि म्हणाल्या, "हे आलंय."

बाळाला बघायला जाणाऱ्या बहिणींना आमचे एवढेच सांगणे आहे. हाताने केलेली भेट जरूर न्या, पण ती तुमच्या हातची असू द्या. बाळंतिणीकडून परत भेटीची अपेक्षा ठेवू नका. शिवता येत नसेल तर डबा न्या, किंवा तासभर बाळ सांभाळा. आणि ती फार रडत असेल, गप्प राहत असेल, बाळ झोपले तरी तिला झोप येत नसेल, तर "होतं असं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

चिल्ला होऊन गेल्यावर जावेने रुमाल पुन्हा हातात घेतले. आता तिला बसावेसे वाटते तेव्हा ती बाहेरच्या खोलीत बसते, वीस मिनिटे, अर्धा तास. सहापैकी चार झाले आहेत. नणंदांपैकी कोणी अजून मागितलेला नाही. उठताना ती सुया मोजते, पाच.