धुळीवर धुळीचीच मात्रा

चेन्नई हे समुद्रकाठचे शहर. तेथे कडाक्याची थंडी पडत नाही, तरीही काही मुलांची ‘सर्दी’ वर्षभर सरत नाही. सकाळी उठताच एकामागून एक शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांना खाज. ताप मात्र नसतो. ही नेहमीची सर्दी नव्हे, ही नाकाची ॲलर्जी. तिचे एक मोठे कारण मुलाच्या उशीतच दडलेले असते. गादी-उशीच्या धुळीत कोळ्याच्या जातकुळीतील, नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारे जीव राहतात. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचे अन्न. त्यांना दमट हवा मानवते.

हे जीव चावत नाहीत. परंतु काही मुलांचे शरीर त्यांच्या विष्ठेतील निरुपद्रवी प्रथिनांनाही शत्रू समजते आणि ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. औषधांनी शिंका थांबतात, पण शरीराचा हा गैरसमज तसाच राहतो. इम्युनोथेरपीचा रोख त्या गैरसमजावर आहे.

चेन्नईतील गिंडी येथे १८९९ मध्ये देवीच्या लशीसाठी किंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. लस शरीराला लढायला शिकवते. इम्युनोथेरपी न लढायला शिकवते. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांचा अर्क रुग्णांना टोचून या उपचाराचा पाया घातला. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार!

प्रथम त्वचेवरील किंवा रक्ताच्या चाचणीने ॲलर्जी नेमकी कशाची, हे ठरवतात. मग त्याच पदार्थाच्या अर्काची अत्यल्प मात्रा टोचून ती हळूहळू वाढवतात. काही अर्क जिभेखाली ठेवूनही देता येतात. उपचार साधारणपणे पाच वर्षांवरील मुलांना देतात आणि तो तीन ते पाच वर्षे चालतो. इंजेक्शननंतर निदान अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते. क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते. दमा आटोक्यात नसलेल्या मुलाला हा उपचार देऊ नये.

खरी अडचण चिकाटीची. शिंका कमी झाल्या की पालक उपचार सोडतात, आणि खर्च व मुलाने सोसलेल्या सुया दोन्ही वाया जाण्याची वेळ येते. परागकणांची ॲलर्जी असलेल्या युरोपीय मुलांच्या एका अभ्यासात, तीन वर्षांचा उपचार घेतलेल्यांना दमा जडण्याचे प्रमाण उपचार संपल्यावर सात वर्षांनीही कमी आढळले. धुळीच्या ॲलर्जीबाबत इतके ठामपणे सांगता येत नाही. म्हणून निर्णय तज्ज्ञाशी बोलूनच घ्यावा. तोवर उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुण्यास कोणाच्याही सल्ल्याची गरज नाही.