उपवासकाळ : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंबरनाथच्या शके 982 मधील शिलाहारकालीन शिवालयाभोवती महाशिवरात्रीची जत्रा भरते, त्याच सुमारास उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील ख्रिस्ती कुटुंबांत उपवासकाळाची तयारी चाललेली असते. 2026 साली तर 15 फेब्रुवारीस महाशिवरात्र आणि 18 फेब्रुवारीस उपवासकाळाचा आरंभ असलेला राखेचा बुधवार, अशी दोन्ही पर्वे शेजारी आली. तथापि या उपवासकाळाविषयी काही चुकीचे समज अद्याप रूढ आहेत.

गैरसमज : कपाळावरील राख हे शोकचिन्ह आहे.

वस्तुस्थिती : मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या, घरातील क्रुसामागे खोचून ठेवलेल्या आणि आता वाळून पिवळ्या पडलेल्या झावळ्या देवळात आणून जाळतात, राख बारीक चाळून घेतात, आणि मनुष्य मातीतून घडला व मातीसच मिळणार याचे स्मरण देत धर्मगुरू अंगठ्याने तिचा क्रूस भाविकाच्या कपाळी रेखतात. काल येशूच्या जयघोषात उंचावलेली झावळीच आज राख होते, हा त्यातील बोध. या राखेने पापांची माफी होत नाही. ती पश्चात्तापाची केवळ सुरुवात होय.

गैरसमज : मरणाचे स्मरण म्हणजे जीवनाविषयी वैराग्य.

वस्तुस्थिती : आपल्या मृत्यूची तारीख कोणत्याही दफ्तरात आगाऊ नोंदलेली नसल्यामुळे, ज्या भावाशी अबोला आहे त्याच्याशी समेट आणि ज्याचे देणे थकले आहे त्याची फेड, ही कामे पुढील सालावर ढकलण्याची सवलत कोणासही नाही, एवढाच या स्मरणाचा व्यावहारिक अर्थ आहे. शिवाय या काळाची अखेर थडग्यापाशी नसून पुनरुत्थानाच्या सणात आहे.

गैरसमज : उपवास म्हणजे केवळ मटण-मासळी सोडणे.

वस्तुस्थिती : कॅथलिक धर्मनियमानुसार राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी 18 ते 59 वर्षांच्या निरोगी व्यक्तीने एकच पूर्ण जेवण घ्यावयाचे असते; मांसवर्जनाचा नियम 14 व्या वर्षापासून लागू होतो. परंतु प्रार्थना आणि दानधर्म यांवाचून उपवास अपुरा. ताटातून वाचलेले गरजूच्या ताटात पडावे, हा त्याचा हेतू.

गैरसमज : सर्व ख्रिस्ती एकाच दिवशी चाळीस दिवसांचा उपवास आरंभतात.

वस्तुस्थिती : राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात; सहा रविवार वगळता 40 उरतात, आणि ते येशूच्या चाळीस दिवसांच्या अरण्यवासाच्या स्मरणार्थ पाळतात. 1988 साली स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांतातील सीरो-मलबार (पौर्वात्य परंपरेची कॅथलिक) मंडळी मात्र दोन दिवस आधी, सोमवारीच आरंभ करतात, आणि कित्येक प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे व्रत सक्तीचे नाही.

गैरसमज : असे व्रत या मुलखास परके आहे.

वस्तुस्थिती : उल्हासनगरातील सिंधी समाज झुलेलालाच्या भक्तीत चाळीस दिवसांचे चालिहा व्रत पाळतोच, दैवत व कथा भिन्न, पण संयमाने मन शुद्ध करण्याची वहिवाट उभयतांची आहे.

तेव्हा राखेच्या बुधवारी बदलापूर लोकलमध्ये कपाळी राख ल्यालेला सहप्रवासी दिसल्यास वाचकांनी त्याच्याविषयी हळहळू नये; स्वतःचे कोणते देणे वा कोणता समेट राहून गेला आहे, त्याची मात्र त्याच दिवशी आठवण करावी.