जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळाला? आधी स्पीकर काढून ठेवा!

इअरबड घालूनच ऐकताय ना? असू द्या. आज बोलायचंय माळ्यावरच्या जुन्या हाय-फायबद्दल. कोणी "घेऊन जा" म्हणतं, आपण खुशीत आणतो आणि पहिल्याच संध्याकाळी वाट लावतो. मी लावलीय.

अकोल्याचे एक काका, रिटायर्ड मास्तर, कायमचे मुलाकडे पुण्याला चालले होते. म्हणाले, "ने बाप्पा, पण भंगारात नको देजो." दहा-बारा वर्षं बंद असलेला तो जड डबा मांडीवर घेऊन मी मूर्तिजापूरमार्गे एसटीनं अमरावतीला आलो. घरी बाबांचे स्पीकर होते, त्यांच्या पहिल्या पगारातले. जोडले, स्विच दाबला. धप्प! मग जळका वास. डावा वूफर गेला. बाबा काहीच बोलले नाहीत, अन् तेच जास्त लागलं.

झालं काय, तर स्पीकरला हवा असतो पुढे-मागे होणारा एसी सिग्नल. अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की सरळ डीसी जातो. कोन एका बाजूला ताणून अडकतो आणि आतली कॉइल हीटरसारखी तापून जळते. अशा वेळी स्पीकर तोडणारा रिले बऱ्याच जुन्या सेटमध्ये नसतोच. आणि माझ्या डब्यात फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळली होती! काकांनी फसवलं नव्हतं, त्यांनाही माहीत नव्हतं.

म्हणून आधी सिरीज बोर्ड. इलेक्ट्रिशियनकडे असतो: १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये (एलईडी चालणार नाही). त्यातून अ‍ॅम्प चालू करा, स्पीकर न जोडता. बल्ब चमकून मंद झाला तर बरं. भक्क पेटलेलाच राहिला तर बंद करा आणि मेकॅनिककडे न्या. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

बल्ब मंद झाला, तर अ‍ॅम्प सरळ सॉकेटवर लावा. व्हॉल्यूम शून्य, मल्टिमीटर डीसीवर, दोन्ही टोकं स्पीकरच्या टर्मिनलला. दोन्ही चॅनल बघा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत. व्होल्टमध्ये दिसलं तर स्पीकर लांबच ठेवा.

स्पीकर मिळाले असतील तर कोनाच्या कडेची रिंग हलक्या बोटानं दाबा. फोमची असेल तर आपल्या ४५ डिग्रीत तिचा भुगा झालेला असू शकतो. रबराची जास्त टिकते.

हां, आणि फोन 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटला लावू नका, नावावर जाऊ नका! ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचं, काही मिलिव्होल्टसाठी. फोनचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट, आवाज फाटतो. 'ऑक्स' किंवा 'टेप'ला लावा.

वूफरची कॉइल बदलून घेतली, ट्रान्झिस्टरही. आता नोकरीसाठी गाव सुटतंय, तर अ‍ॅम्प बडनेऱ्याच्या एका ज्युनियरला दिला. मागच्या बाजूला कार्ड चिकटवलं: काय बदललं, कोणत्या महिन्यात, फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचा. उजवा चॅनल व्हॉल्यूम फिरवताना खरखरतो, तेही लिहिलं. हे वाचून तो नको म्हणेल असं वाटलं होतं. पोरगा मल्टिमीटर घेऊनच आला.

काल काकांचा फोन. पहिला प्रश्न, "भंगारात त नाही ना देल्ला?"