लांकडी धनुष्याची निगा

धनुष्य हा शब्द ऐकतांच आपल्या मनापुढें राम, अर्जुन किंवा एकलव्य उभा राहतो. परंतु ज्या वस्तूनें त्यांना कीर्ति दिली ती वस्तु कशाची करतात, ती वांकते कशी, आणि ती घरीं आणली तर जपावी कशी, हें सांगणारा माणूस सहसा भेटत नाहीं. अंबरनाथच्या शिवालयांत आपण नेहमीं जातों. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे, हें आपण मुलांना आवर्जून सांगतों. पण त्या देवाच्या 'पिनाकपाणि' या नांवांतील पिनाक म्हणजे धनुष्य, एवढें सांगावयाचें मात्र राहून जातें.

आजचा माझा विषय देवादिकांच्या धनुष्याचा नाहीं. तो आपल्या घरांतील भिंतीवरच्या धनुष्याचा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या भागांतील कांहीं हौशी घरांत हातानें केलेलें बांबूचें किंवा लांकडाचें धनुष्य दृष्टीस पडतें. कोणी तें हस्तकलेच्या प्रदर्शनांतून आणतो, कोणी डोंगराकडच्या पाड्यावरील कातकरी अथवा ठाकूर कारागिराकडून घेतो, तर कोणाच्या मुलाला नेमबाजीचा नाद असतो. पुष्कळदां असें होतें कीं, हें धनुष्य पहिला पावसाळाहि पार करीत नाहीं. दसऱ्याला तें खालीं काढावें, तों एक भुजा वांकडी झालेली असते. ओढून पाहावें, तों कडाड् असा आवाज होऊन हातांत दोन तुकडे येतात. मग सारा दोष करणाऱ्याच्या माथीं जातो. 'रानांतल्या माणसाचें काम, तें टिकणार कितीसें?' असा निकाल दिला जातो. हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो, आणि तो कां, हें समजण्यास धनुष्याचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराचें प्रकरण आहे. त्यांत ताड, बांबू, लांकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांचीं धनुष्यें सांगितलीं आहेत. दोरीसाठीं मोरवेल, रुई, ताग यांच्या तंतूंबरोबर बांबू व स्नायु हीहि द्रव्यें तेथें नमूद आहेत. बांबूची दोरी ऐकून शहरांतील मनुष्य चकित होतो. पण भिल्लांच्या कामठ्याला आजहि बांबूच्या सालीची चिवट पट्टी दोरी म्हणून लावलेली आढळते. दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत नोंदलेली ही रीत रानांत चालत आली, आणि ग्रंथ वाचणारे आपण ती विसरलों. शिकंदराबरोबर आलेल्या नीआर्कसच्या आधारें ग्रीक ग्रंथकार एरियन यानें हिंदी पायदळाच्या धनुष्याचें वर्णन केलें आहे. तें धनुष्य माणसाइतकें उंच असे, आणि त्याचें एक टोंक जमिनीवर टेकून, डाव्या पायानें दाबून तें ओढीत असत, असें तो लिहितो.

शिंग, लांकूड आणि स्नायु सरसानें एकत्र चिकटवून केलेली कमान आंखूड व जोरदार असते खरी. परंतु सरसाला दमट हवेचें वावडें. कोंकणच्या पावसाळ्यांत तिला सांभाळणें कठीण. एकाच लांकडाचें किंवा बांबूचें साधें धनुष्य मात्र या मुलखाला मानवलें. आपल्या सह्याद्रींत धामण नांवाचा वृक्ष आहे. संस्कृतांत त्याला धनुर्वृक्ष असेंच म्हटलें आहे. त्याचें लांकूड चिवट व लवचिक असल्यामुळें कावडीच्या दांड्यांना आणि धनुष्यांना तें उपयोगी पडत आलें. मराठी भाषेनें तर तीर आणि कमठा यांचा 'तिरकमठा' असा एकच जोडशब्द करून टाकला आहे.

आतां धनुष्याचें काम कसें चालतें तें पाहूं. मूठ मध्यें, तिच्या दोन्ही बाजूंस दोन भुजा, आणि भुजांच्या टोंकांना दोरी अडकविण्याच्या खांचा. लक्ष्याकडील अंगाला पाठ म्हणूं व आपल्याकडील अंगाला पोट म्हणूं. दोरी ओढली म्हणजे पाठीवरचे तंतु ताणले जातात आणि पोटावरचे तंतु दाबले जातात. पाठीवरचा एखादा तंतु तुटला कीं तेथून चीर सुरू होऊन धनुष्य मोडतें. पोटाकडचे तंतु प्रमाणाबाहेर चेंगरले तर धनुष्य मोडत नाहीं, पण तें दोरी सोडल्यावरहि थोडें वांकलेलेंच राहतें व त्याचा जोर कमी होतो. थोडासा असा वांक प्रत्येक वापरलेल्या धनुष्यास येतोच. त्याला भिण्याचें कारण नाहीं. तो दर महिन्यास वाढूं लागला तर मात्र कांहीं चुकत आहे असें समजावें.

बहुधा चूक असते ती ओलाव्याची. सागवानी दरवाजा आषाढांत चौकटींत अडकतो आणि मार्गशीर्षांत सैल होतो, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. लांकूड हवेंतील ओलावा घेतें आणि परत देतें. हवेची आर्द्रता शेंकडा ६५ असेल तर लांकडांतील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें शेंकडा १२ वर स्थिरावतें. आर्द्रता शेंकडा ८५ झाली कीं तेंच १८ च्या आसपास जातें. पाणी वाढलें कीं लांकडाची दाब सोसण्याची शक्ति घटते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळांत उल्हास नदीच्या खोऱ्यांत, जेथें कपडेसुद्धां दोन दिवस वाळत नाहींत, तेथें धनुष्य पुरतें ओढणें म्हणजे आजारी माणसाच्या डोक्यावर ओझें देण्यासारखें आहे. उलट, एप्रिल-मे महिन्यांत बंद मोटारींत किंवा पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेलें धनुष्य अति कोरडें होऊन ठिसूळ बनतें.

येथें कोणी विचारील कीं, मग पाड्यावरच्या माणसाचें धनुष्य वर्षानुवर्षें कसें टिकतें? तेथेंहि पाऊस पडतोच. याचें उत्तर चुलीपाशीं आहे. कुडाच्या घरांत चूल पेटते, तिचा धूर व मंद ऊब छपरापर्यंत जाते, आणि बांबूच्या वस्तु त्या धुरांत वर खोंवून ठेवण्याची रीत आहे. उबेमुळें ओलावा चढत नाहीं व धुरामुळें किडा दूर राहतो. तेंच धनुष्य आपल्या सिमेंटच्या घरांत पश्चिमेच्या गळक्या भिंतीवर आलें कीं त्याचें तें संरक्षण जातें. वस्तु विकत घेतांना आपण तिचें घर मागें ठेवून येतों, ही गोष्ट ध्यानांत असावी.

तेव्हां शहरी घरांत काय करावें? धनुष्य बाहेरच्या भिंतीवर लावूं नये. आंतल्या कोरड्या भिंतीवर दोन लांकडी खुंट्यांवर आडवें ठेवावें, आणि दोरी अवश्य उतरवावी. कोपऱ्यांत एका टोंकावर उभें करून ठेवल्यास खालच्या भुजेवर भार पडून ती वांकडी होते. प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळूं नये, कारण आंत अडकलेला ओलावा बुरशी आणतो. धुतलेल्या सुती कापडाची खोळ शिवावी. पावसाळ्यापुरतें तें कपाटांत ठेवणें उत्तम. त्या कपाटांत पूर्वीं लोक लहानसा विजेचा दिवा लावीत असत. परंतु हल्लींचे एल्‌ईडी दिवे फारशी उष्णता देत नाहींत, म्हणून त्यांवर विसंबूं नये. औषधांच्या बाटल्यांत येतात तशा शोषक खड्यांच्या पुड्या ठेवाव्या आणि ओल्या झाल्या कीं बदलाव्या.

पावसाळा लागण्यापूर्वीं एकदां आणि सरल्यावर एकदां धनुष्यास जवसाच्या तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा, किंवा मधमाशांचें मेण चोळावें. तेल निथळेल इतकें लावूं नये. तेलानें ओलावा अजिबात अडत नाहीं, तो केवळ सावकाश आंत जातो. म्हणून तेल लावलें तरी जागा कोरडीच हवी. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारांत निष्णात पॉलिशवाले आहेत, आणि धनुष्य तेथें नेऊन चकचकीत करून घेण्याचा मोह होतो. त्यांत धोका एकच, पण मोठा आहे. पॉलिशवाला आधीं कांचकागदानें घांसतो, आणि पाठीवरचे अखंड तंतु त्या घांसण्यानें कापले जातात. कारागिरानें जी पाठ मोठ्या कष्टानें अखंड राखली, ती आपण शोभेकरितां तोडूं नये. टांगण्याकरितां धनुष्यास भोंक पाडणें तर सर्वस्वी वर्ज्य.

बांबूच्या धनुष्याचा दुसरा शत्रु म्हणजे भुंगा. बांबूंतील पिष्टमय अंशावर तो वाढतो. धनुष्याखालीं पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली आणि अंगावर टांचणीएवढीं भोंकें आढळलीं तर तें धनुष्य ओढणें तत्काळ थांबवावें व घरांतील इतर बांबूच्या वस्तूंपासून दूर ठेवावें. तें बाहेरून अभंग दिसत असलें तरी आंतून पोखरलेलें असण्याचा संभव आहे.

वापरण्याचे नियमहि थोडेच आहेत. दोरी चढवितांना भुजा पिळली जाणार नाहीं अशा बेतानें दोन्ही भुजा सारख्या वांकवाव्या. करणाऱ्याकडून ती पद्धत घेतांनाच समोर करून घ्यावी. दोरी चढल्यावर मूठ व दोरी यांत साधारण एक मूठ आणि उभा आंगठा, म्हणजे सहा-सात इंच अंतर असावें. दोरीचे तंतु फाटूं लागले कीं ती बदलावी. दोरीची किंमत धनुष्यापुढें क्षुल्लक आहे. आरंभीं अर्धें, मग पाऊण असें पांच-सात वेळां ओढून लांकूड जागें करावें आणि नंतरच पुरतें ओढावें. पूर्ण ओढून नेम धरीत फार वेळ थांबूं नये. बाण न लावतां दोरी कधींहि सोडूं नये. ओढतांना भुजांत सांठलेली शक्ति बाणाबरोबर निघून जावयाची असते. बाणच नसेल तर ती भुजांतच परत आदळते, आणि धनुष्य एका क्षणांत फुटूं शकतें.

प्रत्येक धनुष्याची ओढ ठरलेली असते. सव्वीस इंचांकरितां केलेलें धनुष्य घरांतील उंच तरुणानें तीस इंच ओढलें तर तें मोडतें, आणि पाहुण्यांसमोर ताकद दाखविण्याच्या भरांत हें नेहमीं घडतें. म्हणून घेतांना आपल्या हाताचें माप द्यावें, आणि तें धनुष्य ज्याच्या मापाचें असेल त्यानेंच ओढावें.

बाण हें खेळणें नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. गच्चीवरून, इमारतींच्या मधल्या अंगणांत किंवा लोकांच्या वाटेवर बाण सोडूं नये. पाठीमागें मातीचा उंच बांध असेल तेथेंच लक्ष्य मांडावें, आणि सर्वजण मागें आल्याशिवाय कोणी बाण जोडूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे. तेव्हां आपलें लक्ष्य गवताच्या पेंढीचेंच असावें. त्याच वर्षीं म्युनिकच्या ऑलिंपिक सामन्यांत धनुर्विद्येला, १९२० नंतर प्रथमच, पुन्हां स्थान मिळालें. आपल्या देशांतील संघटना १९७३ सालीं स्थापन झाली, आणि तिच्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' या नांवाचा एक प्रकार आहे. त्यांत साधीं लांकडी-बांबूचीं धनुष्यें घेऊन ५० व ३० मीटरांवर नेम मारतात. ज्या मुलांना हौस आहे त्यांनीं तिकडे वळावें. राजस्थानांतील आदिवासी कुटुंबांत बांबूच्या धनुष्यावर हात बसविलेला लिंबाराम पुढें ऑलिंपिकपर्यंत गेला, हें उदाहरण त्यांना सांगण्यासारखें आहे.

शेवटीं करणाऱ्याविषयीं दोन शब्द. योग्य काठी निवडणें, ती सांवलींत महिनोन्‌महिने वाळविणें, दोन्ही भुजा सारख्या वांकेपर्यंत थोडथोडें तासणें, यांत लागणारा काळ आपण देत असलेल्या किंमतींत क्वचितच भरून येतो. रानावरचे निर्बंध वाढले, शिकार बंद झाली, आणि पाड्यावरच्या तरुणाला कारखान्यांत किंवा इमारतीच्या कामावर रोज मिळूं लागला. अशा वेळीं तो हें काम कां शिकेल? आपण भाव पाडून धनुष्य घेतलें, तें भिंतीवर कुजविलें आणि वर त्यालाच नांवें ठेवलीं, तर तो तें नक्कीच सोडील. उलट, पुरी किंमत देऊन, काठी कोणत्या झाडाची व केव्हां तोडलेली हें विचारून, पुढील वर्षीं तेंच धनुष्य दोरी बदलण्यास त्याच्याकडे परत नेलें, तर त्याच्या कामाला जाणता मालक आहे हें त्याला कळेल, आणि कदाचित् त्याचा मुलगाहि शेजारीं बसून तासणी हातीं घेईल. यंदाचा पाऊस येण्यापूर्वीं आपल्या घरच्या धनुष्याची दोरी उतरवून, तें पुसून, कोरड्या जागीं ठेवावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.